लग्नातल्या सुटाचा रग

काकू, आज दुपारी माझा तो राखाडी रग आपल्या रग करणाऱ्या बायकांच्या गिल्डच्या संग्रहात गेला. आता गिल्ड जुने रग गोळा करतं आणि प्रत्येकाची गोष्ट, करणाऱ्या बाईच्याच आवाजात, रेकॉर्ड करून ठेवतं. कारण शिकवणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, शेवटी तुम्हीही, आणि त्यांच्याबरोबर रगांच्या गोष्टीही गेल्या. आज माझी पाळी होती. नवऱ्याबद्दल काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. तुमच्याबद्दल किती सांगायचं, ते मात्र माईकसमोर बसेपर्यंत ठरत नव्हतं.

तुम्ही मला आधी विणायला नाही, फाडायला शिकवलंत. आम्ही या देशात, क्वेकर्स हिलला, नवीन होतो, मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, आणि गणपतीतल्या ओळखीवर तुम्ही मला शनिवारी डोंगराकडच्या त्या हॉलमध्ये घेऊन गेलात. सगळ्या शेतकरी घरांतल्या गोऱ्या बायका, आणि त्यांच्यात तुम्ही एकट्या मराठी, डॉक्टरांच्या विधवा, तिथल्या सगळ्यांच्या गुरू. चौकटीवर ताणलेलं गोणपाट, त्याखाली धरलेली लोकरी कापडाची पट्टी, आणि वरून हूक घालून त्या पट्टीचा एकेक फास बाहेर ओढायचा. गाठ कुठेच नाही. फासांच्या दाटीनंच सगळं धरून राहतं. "अगं, गोंजारतेस काय? खुपस!" असं ओरडायचात तुम्ही, आणि चुकलं की अख्खी ओळ एका हिसक्यात उपसून माझ्या मांडीवर टाकायचात. त्या जुन्या बायकांचा एक नियम तुम्ही जिवापाड सांभाळलात. प्रदर्शनाच्या दिवशी करणारीनं उभं राहून रगात कुणाचे कपडे गेले ते सांगायचं. भावाचा लष्करातला कोट, मेलेल्या सासूचं ब्लँकेट, जे असेल ते. "नाहीतर ते नुसतं पायपुसणं," तुम्ही म्हणायचात. "आणि खोटं सांगून माझ्या भिंतीवर काही टांगायचं नाही."

माझ्या दंडावरचे वळ तुम्ही पहिल्यांदा पाहिलेत तेव्हा बाही नीट खाली ओढलीत आणि म्हणालात, "मी बोलते त्याच्याशी." माझ्या नवऱ्याला जेवायला बोलावलंत. तो तुमच्या पाया पडला, कटाची आमटी दोनदा मागून घेतली, "काकू, तुमच्या हाताला आईची चव आहे" म्हणाला. परतताना गाडीत मी पट्टा लावायच्या आतच त्यानं वेग घेतला आणि कचकन ब्रेक दाबला. माझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. "सांग आता काकूंना," तो म्हणाला. मी सांगितलं. तुम्ही बराच वेळ हूक पुसत बसलात. मग म्हणालात, "जरा सांभाळून घे बाई. व्हिसा त्याच्या नावावर आहे. मी सगळ्यांना ओळखते इथे, चांगल्या घरातला मुलगा आहे." आणि बेसनाच्या लाडवांचा डबा हातात देऊन मला घरी पाठवलंत.

त्यानंतर एकदा त्यानं माझं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं, दार उघडं पडलं आणि आत त्याचा लग्नातला सूट लटकत होता. उत्तम लोकर. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी तो गरम पाण्यात धुऊन आटवला, म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि तुम्ही शिकवलं तसा फाडला. बाही खांद्यातून सुटते तेव्हा केवढा आवाज होतो! मी हसत होते, काकू. रगाच्या मधोमध मी ते राखाडी कापड भरलं.

प्रदर्शनाला तो हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून समोशांचा ट्रे घेऊन आलेला आहे. मी उभी राहते आणि नियमाप्रमाणे सांगते, हे राखाडी कापड माझ्या नवऱ्याच्या लग्नातल्या सुटाचं. "गुड ऑन यू, लव्ह!" कुणी म्हातारी ओरडते. हॉल हसतो. तोही हसतो, सगळ्यांत मोठ्यानं. मग माझं कोपर धरून "चल, चहाचं बघू" म्हणत मागच्या स्वयंपाकघरात नेतो आणि उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या पिंपावर माझा तळहात दाबून धरतो. "माझ्या बापानं घेतला होता तो सूट," हळू आवाजात म्हणतो. तुम्ही दारात उभ्या.

"काकू, तुम्ही मधे पडू नका. घरातली गोष्ट आहे."

"हे घर नाही, हॉल आहे. हात सोड तिचा."

"काकू, प्लीज, मी रिस्पेक्ट करतो तुमचा..."

तुम्ही हातातला हूक त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूला खुपसलात आणि गोणपाटातून ओढावा तसा ओढलात. किंचाळतानाही तो "काकू!" असंच किंचाळला. कपबशांवर रक्त उडालं. "आता पड पाया," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे न बघता, "तू माझ्या गाडीत जाऊन बस." मी त्या घरी परत गेले नाही. पोलीस, वकील, व्हिसा, सगळीकडे तुम्ही माझ्याबरोबर आलात. त्या दिवसाबद्दल मात्र आपण दोघी कधी बोललो नाही. पुढच्याच शनिवारी तुम्ही माझी ओळ पुन्हा उपसलीत.

आज हुकाच्या प्रसंगापर्यंत पोचले तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सेक्रेटरी मुलीनं सहज विचारलं, "त्यांना ही मारहाण आधीपासून माहीत होती का?" मी हो म्हटलं. जेवण सांगितलं, गाडी सांगितली, लाडवांचा डबा सांगितला. टाळ्या वाजवणारे हात मांडीवर गेले. तुमची जुनी मैत्रीण, आता काठी घेऊन चालते, म्हणाली, "उत्तर द्यायला ती इथे नाहीये, लव्ह." मी म्हटलं, "नियम त्यांनीच शिकवला." मुलीनं विचारलं, हा भाग काढून टाकू का, नो वरीज, सहज काढता येईल. मी नको म्हटलं. ते तसंच राहील, आणि नव्या बायका हूक धरायला शिकतील तेव्हा ऐकतील.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पॉइंट कुकला राहणाऱ्या तुमच्या मुलालाही नाही. नवऱ्यावरचा राग केव्हाच विझला, काकू. तुमच्यावरचा अजून आहे, आणि जीव तुम्ही वाचवलात हेही तितकंच खरं. पण एवढं कबूल करते: तुम्ही आज पहिल्या रांगेत बसलेल्या असतात, तर मी टाळ्यांपाशीच थांबले असते.