सकाळचा एकच बाण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा आईच्या कपाटात ती लहान स्टीलची ताटली सापडली. तिच्याभोवती मार्कर फिरवून तुम्ही क्लबातल्या, नेमबाजीच्या सरावासाठी ठेवलेल्या फोमच्या हरणाच्या छातीवर गोल काढला होता. "शिकारीला माझीच ताटली मिळाली का? पोहे कशात देऊ आता?" आई केवढी ओरडली होती! काठावरची काळी रेघ अजून गेलेली नाही.

२००६ चा उन्हाळा होता. धनुष्यबाणाने शिकार करायला इथे इंग्लंडमध्ये बंदी, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी हंगेरीला हरणाच्या शिकारीला निघाले होते. स्लाऊच्या वेअरहाऊसमधून रिटायर झाल्यावर तुम्ही तिरंदाजीच्या क्लबात रमला होतात आणि मलाही तिथे ओढलं होतंत. वीकेंडला दोनशे बाण मारते, असं मी ऐटीत सांगितलं. तुम्ही हसलातही नाही. "हात गरम झाल्यावर कोणीही मारेल गं. हरिण काय तुला प्रॅक्टिस शॉट देणार आहे? रोज सकाळी कामाआधी यायचं, शिकारीचं जॅकेट घालून, आणि एकच बाण. शेवटच्या चौदा दिवसांत एक जरी गोलाबाहेर गेला, तर तिकीट कॅन्सल. जनावराला अर्धमेलं करून रानात पळवायचं नाही."

मग रोज सातला आपण मैदानावर. एक बाण, तुमच्या थर्मासमधला आल्याचा चहा, की मी ट्रेन पकडायला पळायचे. एका बाणासाठी एवढी यातायात म्हणून चिडायचे खूप. पण त्या सकाळी मला फार आवडायच्या, बाबा. तुम्हाला कधी बोलले नाही.

त्या चौदातल्या तेराव्या दिवशी पाऊस आहे. माझा बाण हरणाच्या पोटात शिरतो. तुम्ही शेडमध्ये पाठमोरे चहा ओतताय. मी घाईघाईने दुसरा लावते, तो बरोबर गोलात बसतो. धावत जाऊन पहिला उपटते.

"लागला?"

"लागला."

"पी मग, गार होतोय." फोमवर बाण आदळल्याचा आवाज शेडपर्यंत येतो, हे मला माहीत होतं. तुम्ही दोन आवाज ऐकलेत का, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

हंगेरीहून रिकाम्या हाताने आले. चार दिवस बसले, हरिण आलंच नाही, असं सांगितलं. तुम्ही पाठीवर हात ठेवलात. "असू दे. नेक्स्ट सीझन." तो सीझन यायच्या आधीच तुम्ही गेलात.

हा कागद ताटलीखाली ठेवून देते, दुसरीकडे कुठे धाडणार? हरिण आलं होतं, बाबा. वीस पावलांवर, अगदी आडवं उभं. मी दोरी ओढलीसुद्धा. पण त्या पावसातला पहिला बाण कुठे लागला होता, ते मला माहीत होतं. हळूच दोरी सैल केली आणि ते झाडीत जाईपर्यंत बघत बसले.