पार्टिशनखालच्या पट्ट्या

४ मार्च
वॉशिंग मशीनचा पाइप सुटला. हॉलभर पाणी! मी बाजारात, हे पेपरात डोकं खुपसून बसलेले. पायमोजे भिजले तेव्हा कळलं साहेबांना. पाणी पार्टिशनखालून पलीकडे भाऊजींच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या हॉलमध्येही गेलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, हे पाण्याला कोण सांगणार?

६ मार्च
लाकडी फरशी फुगली. पार्टिशनच्या कडेने पट्ट्या तंबूसारख्या उभ्या राहिल्यात. सगळ्या तिरक्या, एकमेकींत अडकवलेल्या. एक उचकटली की शेजारची हलते.

मूळ हॉल एकच. सहा वर्षांपूर्वी मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं, तेही सरळ त्याच फरशीवर. भांडण कशावरून? फरशीला मेण लावायचं की पॉलिश! भाऊजी मेणवाले, हे पॉलिशवाले. दोन शिकलीसवरली माणसं हमरीतुमरीवर आली. तेव्हापासून पलीकडे मेण, इकडे पॉलिश.

मला मात्र पार्टिशन उभं राहिलं त्या दिवशी या घरात पहिल्यांदा शांत झोप लागली. त्याआधी जाऊबाई केव्हाही आत. माझं कपाट लावून द्यायच्या, गॅसवरच्या भांड्याचं झाकण उचलून ‘मीठ कमी’ म्हणायच्या. स्वभावाने वाईट नाहीत. पण घर माझं आहे असं कधी वाटलंच नाही.

८ मार्च
सुतार बोलवा म्हटलं. हे म्हणाले, त्यात काय एवढं! पटाशी घेऊन बसले. इकडून एक ठोका पडला की तिकडून दोन. म्हणजे भाऊजींनीही सुतार बोलावलेला नाही. एकाच आईची लेकरं!

९ मार्च
पार्टिशनखालची एक पट्टी दोघांच्या हाताला एकदमच लागली. इकडून हे ओढतायत, तिकडून भाऊजी. तोंडातून शब्द नाही कुणाच्या. शेवटी पट्टी तिकडे गेली. ‘मीच सोडली,’ हे म्हणाले. घामाने निथळत होते.

१२ मार्च
माझ्या हातून घोळ झाला.

पट्ट्या मागच्या गॅलरीत वाळत होत्या. गॅलरी दोघांची – आमच्या पट्ट्या डावीकडे, त्यांच्या उजवीकडे. आज झाडता झाडता मी सगळ्या गोळा केल्या आणि एकच छान चळत रचली. स्वच्छतेची हौस नडली! पट्ट्यांच्या मागे खडूने आकडे आहेत. पण बोलणं बंद, त्यामुळे दोघांनीही एकपासूनच घातलेत. आता प्रत्येक आकड्याच्या दोन पट्ट्या!

मी म्हटलं, वरून ओळखा की, मेणाच्या कुठल्या नि पॉलिशच्या कुठल्या. यांनी एक पट्टी सुलटी करून दाखवली. दोघांनीही वरची बाजू आधीच घासून कोरी केली होती.

१३ मार्च
दोघे भाऊ गॅलरीत मांडी ठोकून. सहा वर्षांनंतर भाऊजींचं पहिलं वाक्य – ‘तुझा सात दे.’ यांनी दिला. बसेना. मग यांनी त्यांचा सात मागितला. दुपारपर्यंत हेच. संध्याकाळी हसण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर हे डोळे पुसत हसत होते. असं हसताना किती दिवसांनी पाहिलं! बरं वाटलं. आणि पार्टिशनचं आता काय होणार, हेही मनात आलं.

१५ मार्च
वाटलं तेच झालं. पार्टिशनखालच्या पट्ट्या बसेनात, म्हणून पार्टिशन काढलं. भाऊजी म्हणाले, आता परत कशाला लावायचं? हे म्हणाले, खरंच. मला कुणी विचारलं?

तासाभरात जाऊबाई स्वयंपाकघरात. झाकण वर! आज मीठ जास्त होतं म्हणे.

१६ मार्च
आज सगळ्यांसमोर बोलून गेले. हे नि भाऊजी फटी भरायला भुसा नि सरस कालवत बसले होते, जाऊबाई माझे डबे पुसत होत्या. मी म्हणाले, ‘मला पार्टिशन परत हवंय.’

हे तोंड उघडं टाकून बघतच राहिले. म्हणाले, ‘अगं, पण मी आता मेणालासुद्धा तयार आहे!’

‘मला मेणाचं काही देणंघेणं नाही. माझ्या घरात कुणी न विचारता आलेलं मला आवडत नाही.’

जाऊबाईंनी डबा खाली ठेवला, फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं आणि निघून गेल्या. सरस वाटीतच वाळला.

१७ मार्च
कुणीच कुणाशी बोलत नाही. आता तर भाऊभाऊही माझ्यामुळे गप्प. जरा सबुरीने बोलता आलं असतं का? पण खोटं एक अक्षर बोलले नाही मी.

१९ मार्च
भाऊजी आले, नजर चुकवत. म्हणाले, ‘ही म्हणतेय, पार्टिशन लावा. पण त्यात दार ठेवा.’

२२ मार्च
फरशी बसली. पार्टिशन उभं राहिलं, दारासकट. वरून काय लावायचं यावरून सकाळपासून वाद जुंपलाय. हे आता मेणवाले झालेत, आणि भाऊजी पॉलिशवाले! पण दोघे एकाच कपबशीतला चहा पिता पिता भांडतायत. भांडोत.

२३ मार्च
दुपारी टकटक झाली. मला वाटलं, यांचा हातोडा. परत टकटक. मग दारापलीकडून जाऊबाईंचा आवाज – ‘येऊ का गं?’

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे आज पहिल्यांदा ऐकलं. उठून दाराशी गेले, पण ‘या’ म्हणायचंच राहून गेलं. आणि त्या तशाच बाहेर उभ्या राहिल्या. दाराला कडी नव्हती, तरी आत आल्या नाहीत.