बुटातला लाकडी पाय

नाशिक, ८ मार्च १९७६

अहो,

तुमचा पाय गेल्यावर फौजेने घरी पाठवताना जे पैसे दिले, त्यातला कापलेला कर परत द्यायचा हुकूम आज निघाला.

चार वर्षं तुम्ही त्या कराच्या कचेरीत कडक इस्त्री करून जायचात, लाकडी पाय बुटात लपवून साहेबांना सलाम ठोकायचात. साहेब म्हणायचे, "हा तर धडधाकट दिसतो." मी सांगायची, एकदा पँट वर करून दाखवा. तुम्ही उसळायचात, "मी काय भिकारी आहे?"

तुम्ही गेलात, तुमचं जलदान झालं, आणि आज मी तो पाय पिशवीतून नेऊन टेबलावर ठेवला. तुमच्या सलामाला कधी न उठलेले साहेब उठून उभे राहिले.

तुम्ही झाकलेलं मी चारचौघांत उघडं केलं. आता रागवा ना माझ्यावर. एकदा तरी ओरडा.

तुमचीच,
मालन