बोअरचं कोमट पाणी

आबा,

काल मेहरूणच्या घरात माशांची टाकी मांडली. दोन फुटी, धुळ्याला होती तेवढीच. लेक तीन वर्षं मागे लागली होती, या हिवाळ्यात माझ्याकडची कारणं संपली. दुकानदाराने हीटर हातात देताना सांगितलं, "मॅडम, याच्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. चकती म्हणते सव्वीस नि पाणी असतं तेवीस. थर्मामीटर सांगेल तेच खरं धरा. आणि मासे आजच सोडायचे नाहीत, आधी पाणी एका जागी टिकतंय का बघा." मी दुपारभर टाकीसमोर स्टूल टाकून बसले. चकती कणभर फिरवायची, तासभर थांबायचं, काचेवरच्या थर्मामीटरची रेघ बघायची, वहीत लिहायचं. संध्याकाळी चारच्या सुमारास पाणी सव्वीसवर आलं नि तिथंच राहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होतील. धुळ्याच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत तुम्ही माझ्याकडे राहिलात तो एकच हिवाळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धुळीत आणि उन्हात जाऊ नका म्हणून बजावलेलं, आणि असोद्याला राहिलात तर तुम्ही दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत जाणार हे दादाला माहीत होतं, म्हणून त्याने तुम्हाला माझ्याकडे आणून सोडलं. माझं लग्न व्हायचं होतं. मी सकाळी साडेनऊला ऑफिसात जायचे ती सहाला परत. दिवसभर तुम्ही खाटेवर बसून भिंत बघता हे मला सहन होईना, म्हणून ती टाकी आणली. सात एंजल मासे, थोडी वाळू, एक हीटर. पहिले आठ दिवस तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसत होतात. मग एकदा ऑफिसातून येते तर खाट फिरवलेली.

हीटरला मात्र तुम्ही हात लावत नव्हता. "बाई, पान्यात करंट सोडते का वं?" असं पहिल्याच दिवशी विचारलंत. मी समजावलं, काच बंद आहे, आतली तार पाण्याला लागत नाही. "मले इहिरीवरच्या मोटरीनं एकडाव फेकलं हाये. पुरे झालं," म्हणालात. त्यामुळे प्लग आणि बटण माझ्याकडे, माशांचं खाणं तुमच्याकडे, अशी वाटणी झाली. तुमचा थर्मामीटरवरही विश्वास नव्हता. काचेला मनगटाची आतली बाजू लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "आज जरा उतरलं हाये." मी रेघ बघायचे. अर्धा अंश उतरलेलं असायचं. एकदा घरमालकीण अक्का दारातून हे बघत होत्या. "आबा, आते त्यासले स्वेटर इणा!" म्हणाल्या. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तुम्ही इना, अक्का. माप मी घेतो." अक्का हसत हसत जिना उतरल्या. त्या हिवाळ्यात मी तुम्हाला हसताना पाहिलं ते तेवढंच, की आणखीही पाहिलं आणि विसरले, हे सांगता येत नाही. डायरीत एवढंच आहे.

थंडीचं तुम्ही मला लहानपणापासून शिकवलं होतंत. थंडीत केळीचा पोगा, म्हणजे ते गुंडाळलेलं नवं पान, करपतो. म्हणून पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि विहिरीचं पाणी बागेत सोडायचं. "इहिरीचं पानी हिवाळ्यात ऊन राह्यतं. झाडाले पांघरूण घातल्यावानी व्हतं." मी शाळकरी असताना पाटाच्या पाण्यात पाय सोडून उभी राहायचे, बाहेर दात वाजतायत आणि घोट्यापर्यंत कोमट. तुमचं ते ज्ञान खरंच होतं. बागेसाठी खरं होतं.

जानेवारीत धुळ्याला थंडीने एकदम जोर धरला. त्या दिवशी ऑफिसात वरचे साहेब येणार होते, मी घाईत होते. संध्याकाळी दार उघडलं तर फरशी ओली, बादली आडवी, टाकीतलं पाणी बारीक बुडबुड्यांनी पांढुरकं झालेलं आणि मासे वर, कुशीवर. एकच खाली कल्ले हलवत होता. तुम्ही खाटेवर बसला होता, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. निम्मी टाकी उपसून तुम्ही खालच्या बोअरचं पाणी बादलीने वर आणून ओतलं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने, जिन्यावरून, किती खेपा ते मी विचारलं नाही. ताजं बोअरचं पाणी माशांना एकाएकी मानवत नाही, आणि गार पाण्यातून एकदम कोमट पाणी म्हणजे त्यांना धक्काच. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

"पानी लई गार झालं होतं, बाई," तुम्ही म्हणालात. "सारे तळाशी बसले होते."

मी म्हणाले, "आबा, ही केळीची बाग नाहीये. कळत नाही तिथं हात घालू नये. अक्कांच्या फोनवरून मला विचारता आलं असतं ना!"

तुम्ही "हाव" म्हणत मान डोलावलीत. एवढंच. सहा मासे मी कागदात गुंडाळले. तुम्ही टॉवेलने फरशी पुसत होता आणि मी पुसू दिली.

चौथ्या दिवशी दादाला बोलावून तुम्ही असोद्याला गेलात. डोळा बरा आहे म्हणालात. नंतर आपण फोनवर बोलायचो, पीक, डोळ्यांचे थेंब, माझ्यासाठी येणारी स्थळं. माशांविषयी तुम्ही एकदाच विचारलंत. "तो एक राह्यला होता, त्याचं कसं हाये?" मी म्हणाले, बरा आहे. तो तुम्ही असोद्याला गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मेला होता. चैत्रात तुम्हीही गेलात. मी असोद्याला पोहोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती आणि मला रडू आलं नाही. बायकांना ते विचित्र वाटलं असावं. अजूनही आलेलं नाही.

मासे मेले त्या दिवशी सकाळी मी साडीला इस्त्री केली होती. टाकीजवळच्या भिंतीत एकच मोठं सॉकेट होतं, त्यातला हीटरचा प्लग काढून मी इस्त्रीचा लावला आणि काम झाल्यावर तसाच सोडून निघून गेले. कितीतरी तास हीटर बंद होता. पाणी गार झालं ते माझ्यामुळे. बोअरच्या पाण्याने मासे मेले की आधीच थंडीने अर्धे मेलेले होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि उत्तर मिळत नाही. त्या वर्षीच्या डायरीत मी लिहून ठेवलं आहे की प्लगचं मला तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी आठवलं, आणि तोवर सांगायला तुम्ही नव्हता. हेच मी पुढे ह्यांना सांगितलं, दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "जाऊ दे, आबा थोडेच रागावले असते!"

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला आलेली पत्रं नेहमी मीच वाचून दाखवायचे, तुम्ही सुपारी कातरत ऐकायचात. हेही मलाच वाचावं लागलं असतं, तुमच्या समोर बसून. ते मला जमलं असतं असं वाटत नाही.

आज सकाळी हीटरचा प्लग सॉकेटमध्ये बसवून त्यावर मी चिकटपट्टी लावली, आडवी आणि उभी. लेक शाळेचे बूट घालता घालता बघत होती. "आई, हे कशाला?" कोणी चुकून काढू नये म्हणून, मी म्हणाले. तिचे बाबा नोकरीसाठी नाशिकला असतात. ती म्हणाली, "पण घरात आपण दोघीच आहोत. मी काढणार नाही. मग कोण काढणार?"

आबा, त्या संध्याकाळी दार उघडल्यावर मला पहिल्यांदा मासे दिसले नाहीत. इस्त्री फळीवर ठेवलेली दिसली. तिची वायर तुम्ही मोटेचा दोर गुंडाळायचात तशी गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. सॉकेटमध्ये हीटरचा प्लग होता आणि त्याचा लाल दिवा लागलेला होता. तो तुम्ही लावला होतात, ओल्या हातांनी की कोरड्या, मला माहीत नाही. सगळं मला तिथंच, चपला काढायच्या आधी कळलं होतं. मग मी तुम्हाला बोलले.