खाडाखोडीची वही

गुरुजी, चिरलेल्या बांबूतून गोटी घरंगळायची, तो आवाज अजून कानात आहे. आधी बारीक खरखर, मग उतारावर वाढत जाणारी घरघर, आणि शेवटी पारशिवनीच्या शाळेच्या ओसरीवर टप्प. दोन बांबू सुतळीनं बांधून तुम्ही एक उतार नि एक चढ केला होता. गोटी चढावर जराशी जाऊन मागे फिरायची आणि आम्ही पोरं तुमच्या तोंडाकडे पाहायचो. उत्तर तुम्ही कधी दिलंच नाही. मिशीत हसून एवढंच विचारायचात, "आता काय बदलशील गा?" मी बांबूखाली एक वीट सरकवायचो, मग दुसरी. कवितेच्या तासाला अंगावर शहारा यायचा, तसाच त्या ओसरीवर यायचा. म्हणून तर विज्ञानाचा मास्तर झालो.

कसा झालो, ते मात्र तुम्हाला कधी कळवलं नाही. नागपुरात एकाच शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवलं. गतीचे नियम मी ओव्यांत बांधले होते. वर्ग ते तालात म्हणायचा, शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची. बांबू एकदाही नेला नाही. गोंगाट होईल, पोर्शन राहील, असं म्हणायचो. खरं तर गोटी सुटली की पोरं गोटीकडे पाहतात, मास्तराकडे नाही.

परवा त्याच शाळेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं. माझ्या जागी आलेल्या मॅडम माझ्या मुलीहून लहान. त्यांनी नववीच्या मुलांकडून रोलर कोस्टरची मॉडेल्स करून घेतली होती. एसीच्या पाइपावर चढवतात ती काळी स्पंजची नळी उभी चिरून तिचा रूळ करायचा, पुठ्ठ्याचे खांब, आणि गोटी हीच गाडी. वाडीहून येणाऱ्या एका मुलीच्या गटानं मधोमध भला मोठा उभा वेढा घातला होता. पहिल्याच फेरीत गोटी वेढ्याच्या माथ्यावरून सुटून खाली पडली. मॅडम मुलीजवळ वाकल्या नि हळूच म्हणाल्या, "आता काय बदलशील?"

गुरुजी, ऐकलंत? तो प्रश्न तुमचा. ही बाई तुम्हाला कुठे भेटली? तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. ओसरीवर बसलो मी, विटा सरकवल्या मी, आणि तुमचं देणं मला वगळून परस्पर तिच्या हाती गेलं. मुलीनं सुरुवातीचा खांब चार बोटं उंच केला. गोटी सरसरत आली, वेढ्यावर चढली, माथ्यावर उलटी झाली आणि न सुटता पार गेली. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.

मी त्या गटाची वही मागितली. पानापानावर शाईनं खोडलेले आकडे, बाणांच्या खुणा, "पडली", "पुन्हा पडली".

"ही प्रयोगवही आहे की किराण्याची यादी?" मी विचारलं.

"गोटी पडली त पडली लिहिलं सर," मुलगी म्हणाली. "कुठून पडली ते पाहूनच त पुढचं ठरवलं. एका टायमाले एकच गोष्ट बदलवायची, असं मॅडम म्हणते."

"आमच्या वेळी आधी पेन्सिलनं लिहायचे. सरांनी तपासलं की मग शाईनं. वही कशी आरशासारखी."

"मंग पडलेलं कुठं जात होतं सर?"

मॅडम हसल्या. त्या मलाच हसल्या असं मला वाटलं. मी वहीला दहापैकी दोन गुण दिले. तेवढ्यानं पहिलं येणारं मॉडेल तिसरं झालं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात शाळेचं एकच जातं.

गुणपत्रक उद्या द्यायचं आहे, इथे टेबलावरच आहे. त्या वहीसारखी वही माझ्या हातून एकाही वर्गाची झाली नाही, हे मला तिचं पहिलं पान उलटतानाच कळलं होतं. आता आकडा बदलायचा तर दोनवर रेघ मारावी लागेल, शेजारी नवा लिहावा लागेल आणि त्या खोडण्याखाली माझी सही करावी लागेल. सकाळपासून पेन उघडून बसलो आहे, आणि लिहितो आहे ते तुम्हाला. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकतो. टाळ्या वाजल्या तेव्हा मी वाजवल्या नाहीत. दोन्ही हातांत कागद असल्याचं दाखवलं.

दार वाजलं. रविवारी माझ्याकडे कोणी येत नाही. उघडलं तर ती वाडीची मुलगी उभी. बाप फाटकाशी स्कूटरवर थांबला आहे. नवी कोरी वही तिनं दोन्ही हातांनी पुढे केली आहे.

"मॅडमले नाही सांगितलं सर," ती म्हणते, "पुरी फेअर करून आणली. पडलेलं एक बी नाही ठेवलं."