रांजणाचा कान आणि बाईंची वही

बाई,

तुम्ही, मी आणि तुमच्या वर्गात बसलेली ती सगळी पोरं, आपली तक्रार एकच होती: आपल्या पायाखालून निघालेली वस्तू लांबच्या शहरातल्या काचेच्या कपाटात जाते आणि तिच्याखाली चिठ्ठी लागते, ‘स्थळ अज्ञात’. अज्ञात कुणाला? सोलापुरातून सकाळची एसटी धरली की दुपारच्या आत तेर येतं. समुद्रापलीकडचा माल बंदरात उतरून, घाट चढून, बैलांच्या पाठीवरून ज्या बाजारात यायचा ते तेर! ही तक्रार मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून घसा फोडून मांडतोय. टाळ्या पडतात. पण गेल्या मंगळवारी जे पाहिलं ते कुठल्याही टाळ्यांपेक्षा मोठं आहे, आणि ते ऐकायला मला तुम्हीच हव्यात.

इथल्या कॉलेजच्या वाचनालयात एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसते. जुन्या व्यापारी वाटांवरची खापरं, मणी, नाणी, व्यापाऱ्यांची बाडं वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरली आहेत. त्या सगळ्यांचे फोटो एका जागी आणायचं तिचं काम. एका बाडाची सुरुवातीची पानं एका शहरात, उरलेली दुसऱ्या शहरात. तिनं ती पडद्यावर शेजारी लावली आणि बैलांच्या मुक्कामांची यादी सलग वाचता आली. मी बोट ठेवून गावं वाचत होतो, तेवढ्यात तिनं पुढचा फोटो उघडला. रांजणाचा तुटका कान, खाली चिठ्ठी ‘स्थळ अज्ञात’. त्याच्या मुळाशी कुंभाराच्या अंगठ्याचा खळगा. बाई, त्या खळग्यात माझा अंगठा नेमका बसायचा!

“हा आमचा!” मी ओरडलो.

“काका, हळू की! लोकं वाचायलेत.”

तिनं दुसऱ्या संग्रहालयातली रांजणाची मान शोधून काढली. मानेवर तुमच्या अक्षरातला क्रमांक, खाली चिठ्ठीवर ‘तेर’. मग तिनं कानाचा फोटो फिरवत फिरवत मानेला भिडवला. कडेला कड. “बसला की वो!” म्हणत ती खुर्चीवरून उठलीच. या वेळी मी म्हणालो, “अगं हळू, लोक वाचतायत.”

पण पोरगी कामाची पक्की. म्हणाली, “नुसतं जुळलं म्हणून गाव कोण लिहून देतंय, काका? कानावर नंबरच नाही. कागद लागतोय.”

नंबर होता, बाई. तो मी घालवला. तुमचं स्वयंपाकघर, जमिनीवर परात, परातीत आपल्या वर्गानं तेरहून वेचून आणलेली खापरं. प्रत्येकावर तुम्ही टाकानं क्रमांक घातलेला. धुवायचं काम माझ्याकडे. तुम्ही चहाचं आधण ठेवताय आणि मी खिशातली पुडी परातीत रिकामी करतो. वडील कारखान्यात टॉवेल धुवायचे, तिथली पांढरं करायची पावडर. आमच्या घरी स्वच्छ म्हणजे पांढरं. तुम्हाला चकित करायचं होतं. माती गेली, शाईही गेली. तुम्ही वळलात, कान हातात घेतलात, आवाज न चढवता म्हणालात, “धुतलं नाहीस रे. याचं गाव पुसलंस.” पुढे दोन संग्रहालयांचे अधिकारी आले, सगळं जपतो म्हणाले, आणि खापरं वाटून घेऊन दोन दिशांना गेले.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही या खापरांची नोंदवही सुती दोऱ्यानं बांधून मला दिलीत. “तूच सांभाळ.” तुम्ही गेलात, तरी मी दोरा कधी सोडला नाही. त्या कानाच्या पानावर माझं नाव असेल या धास्तीनं. मंगळवारी मुलीनं विचारलं, “बाईंनी कुठं लिहून ठेवलं असेल की?” मी म्हणालो, “नाही.” सगळ्या जगाला कपाटं उघडा म्हणून दरडावणारा मी, आणि त्या कानाचं गाव माझ्याच ट्रंकेत!

आज दोरा सोडला. पान आहे. कानाचं चित्र, अंगठ्याचा खळगा, क्रमांक, तेर. खाली तुमची ओळ: ‘क्रमांक धुण्यात गेला. चूक माझी. फक्त पाणी वापरायचं, हे सांगायचं राहिलं.’ माझं नाव कुठेच नाही. मी मोठमोठ्यानं हसलो.

वही देताना हे पत्र आत ठेवणार नाही. मी खोटं बोललो हे मुलीला तोंडानंच सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर भर सभेपेक्षा मला त्याचीच भीती वाटतेय. रविवारी भाषण आहे. लांबलचक विषय छापलाय, पण तुमच्यासमोर सराव करतो, मागणं एकच: सोलापूरकरांनो, घरात कुणा गेलेल्या माणसाची अशी वही बांधून ठेवली असेल, तर उद्या सकाळी ती वाचनालयात त्या मुलीच्या टेबलावर आणा आणि तिला फोटो काढू द्या. माझी तिथं आधीच ठेवलेली असेल.