दोघांची एकच डिस्क

प्रिय ठोंब्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद आईच्या उशाशी पाण्याच्या बाटलीखाली ठेवतेय. हॉस्पिटलात सकाळची पाळी तुझी, संध्याकाळची माझी. आपण एकमेकांना टाळतो हे आता नर्सलाही कळलंय. फाडायचा तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

माझं डोकं आधीच फिरलंय. आई मंगळवारी चक्कर येऊन पडली, आणि त्याच्या आदल्याच दिवशी ऑफिसात तो गोंधळ. आमच्याकडे दोन आभासी सर्व्हर आहेत, म्हणजे मोठ्या यंत्रांच्या पोटात चालणारे. मी त्यांची नावं थोरली आणि धाकटा ठेवलीत, हस लेका. दोघांत मिळून नेटवर्कवरची एकच डिस्क, तिच्यावर एका प्रयोगशाळेचे रक्ततपासणीचे अहवाल. एका वेळी एकानेच लिहायचं, दुसऱ्याने नुसतं लक्ष ठेवायचं. दर सेकंदाला दोघं एकमेकांना विचारतात, आहेस का? आहे. उत्तर आलं नाही की समोरचा गेला असं धरून दुसरा डिस्क ताब्यात घेतो. आणि भर दुपारी वायरमनने यंत्रांचं कपाट आवरायच्या नादात नेमकी या दोघांमधली निरोपांची वायर उपटली! दोघंही ठणठणीत होते रे. पण दोघांनाही वाटलं, दुसरा गेला, आता सगळं आपल्यालाच बघायचंय. सुटले दोघंही त्याच डिस्कवर लिहीत. अहवालांचा पार विचका झाला. सकाळची प्रत होती म्हणून वाचलो, तरी चार तासांचं काम पाण्यात गेलं.

वायरमनवर मी इतकी ओरडले की तो बिचारा डबा न खाताच गेला. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, साक्षीदार कुठाय? अशा वेळी कोणाचं खरं धरायचं हे ठरवायला एक छोटा तिसरा सर्व्हर ठेवतात. तो मीच टाळला होता. म्हटलं होतं, ही दोघं कशाला तुटतायत.

आपणही कशाला तुटलो, सांग ना. आईने तुझ्याकडे यायचं की तिच्या घरी राहायचं, एवढ्यावरून. तू मला हेकट म्हणालास. मी म्हणाले, इथून पुढे तूच बघ, आणि दार आपटून निघाले. राग अजून गेलेला नाही हं. एकदा तरी खाली येऊन थांबवायचंस. मी कोपऱ्यावर चांगली दहा मिनिटं उभी होते.

काल तिचे कपडे आणायला घरी गेले. गोळ्यांची डबी नेहमीसारखी फ्रिजवर होती. खिडकीत मात्र दुसरं पाकीट, त्यावर तुझं गिचमिड अक्षर: रोज दहाला एक. तीच रक्तदाबाची गोळी. ठोंब्या, मी आठला देत होते, म्हणजे रोज दोन जात होत्या. तूच बघ म्हणाले खरी, पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना चावीने उघडून आत शिरत होतेच. तुला कळू द्यायचं नव्हतं, एवढाच माझा माज. आणि आईला विचारलं घेतलीस का, तर ती विसरून नाहीच म्हणणार. दाब एवढा कसा उतरला हे डॉक्टरांना कळत नव्हतं. आज मी त्यांना सगळं सांगितलं. तुझी चूक नाही. मी सांगितलं तेच तू केलंस. सोमवारी तिला घरी सोडतायत. यापुढे गोळी तूच दे. भांडण चालू ठेव हवं तर, मी काही मागे हटत नाही. पण रोज दहाला मला एक शब्द पाठव: दिली. नाही आला, तर मी गोळीला हात लावणार नाही. आधी येऊन तुझं दार वाजवीन.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई